छातीवर पदक नसलेली सेनानी

आजचा भाग काशीतून सुरू करायचा आहे आणि तोही एका लहान मुलाच्या प्रश्नापासून.

अस्सी घाटावरून आत वळलं की भदैनी नावाचा मोहल्ला लागतो. तुळशीदासांच्या नावाचा तुलसी घाट इथलाच. याच भदैनीत झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान म्हणून जपलेली जागा आहे. आत घोड्यावर बसलेल्या राणीचा पुतळा आहे. मी गेलो होतो तेव्हा एक मराठी कुटुंब तिथे आलं होतं. आठ-नऊ वर्षांचा मुलगा पुतळ्याकडे बघत होता. त्याने वडिलांना विचारलं, "बाबा, हिला परमवीर चक्र मिळालं होतं का?"

वडील म्हणाले, "नाही रे, तेव्हा परमवीर चक्र नव्हतं."

मुलगा गप्प बसणारा नव्हता. "मग दुसरं कुठलं तरी मिळालं असेल ना?"

वडिलांनी मोबाईल काढला, फोटो काढले आणि मंडळी घाटाकडे निघून गेली. तो प्रश्न मात्र माझ्यामागे लागला. त्या मुलाला पूर्ण उत्तर द्यायचं तर आपल्याला पदकांची यादी उघडावी लागते. आणि ती यादी उघडली की फार विचित्र गोष्ट दिसते. या लढाईत पदकं पुष्कळ मिळाली. राणीच्या जन्मगावात मिळाली, तिच्या झाशीत मिळाली आणि ती जिथे पडली तिथेही मिळाली. पण ती सगळी समोरच्या बाजूला.

आज आपण राणीचं आयुष्य या पदकांच्या वाटेने बघणार आहोत.

आधी एक साधा प्रश्न. मराठी मुलगी काशीत जन्मलीच कशी? काशीशी आपलं नातं जुनं आहे. शिवाजी महाराजांना १६७४ साली राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे. आज काशी विश्वनाथाचं जे मंदिर उभं आहे ते अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं. शिंदे घाट, भोसले घाट ही नावं तर नकाशावरच दिसतात. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. म्हणजे मराठी माणसाला काशी परकी नव्हती.

पण तांबे कुटुंब इथे आलं ते १८१८ नंतरच्या पडझडीमुळे. पेशवाई संपली. दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांनी आठ लाखांचा तनखा देऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला नेऊन ठेवलं. त्याचा भाऊ चिमाजी अप्पा काशीला येऊन राहिला आणि त्याच्या पदरी होते मोरोपंत तांबे. मोरोपंत आणि भागीरथीबाई यांची ही मुलगी. नाव ठेवलं मणिकर्णिका. काशीच्या घाटाचंच नाव ते. घरात मनू म्हणायचे.

जन्मसालाबद्दल दोन मतं आहेत. काशीपासून झाशीपर्यंत सर्वत्र १८२८ मानतात. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १८९४ साली राणीचं मराठी चरित्र प्रसिद्ध केलं, त्यात १८३५ आहे. पहिलं धरलं तर मृत्यूच्या वेळी ती एकोणतीस वर्षांची होती, दुसरं धरलं तर जेमतेम बावीस. कोणतंही धरा, सेनापती म्हणून हे वय कोवळंच.

आई लवकर गेली. मोरोपंत बाजीरावाच्या आश्रयाला बिठूरला गेले. तिथे नानासाहेब होते, तात्या टोपे होते. घोडा, तलवार, लिहिणं-वाचणं हे सगळं तिथलं. १८४२ मध्ये झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी लग्न झालं आणि मनूची लक्ष्मीबाई झाली. १८५१ मध्ये मुलगा झाला, तो काही महिन्यांतच गेला. २० नोव्हेंबर १८५३ ला नेवाळकर घराण्यातला आनंदराव दत्तक घेतला, त्याचं नाव दामोदरराव ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव वारले.

पुढची गोष्ट आपण शाळेत शिकलो आहोत. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला. १८५४ साली झाशी खालसा झाली. राणीला महिना पाच हजार रुपये पेन्शन देऊ केलं.

इथे थोडं थांबू या. चित्रपटात या क्षणी तलवार बाहेर निघते. खऱ्या आयुष्यात राणीने कागद काढला. तिने अर्जामागून अर्ज केले. जुने तहनामे दाखवले, झाशीने कंपनीशी इमान कसं राखलं ते मांडलं, शास्त्राप्रमाणे दत्तक कसा वैध आहे ते समजावलं. जॉन लँग नावाचा वकील बोलावून घेतला. तीन वर्षं ही बाई कायद्याच्या वाटेने लढली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ती लढाईला उतावीळ नव्हती. सगळी दारं वाजवून झाल्यावर तिने तलवार उचलली.

आता १८५७. तारखा लक्षात ठेवा. ४ जून, काशी. मद्रास फ्युझिलियर्सचा कर्नल नील नुकताच इथे पोचला होता. ३७ व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीची हत्यारं काढून घेण्याचा हुकूम निघाला, परेडवर गोंधळ झाला, गोळीबार सुरू झाला, आणि ज्यांनी बंड केलं नव्हतं तेही त्यात ओढले गेले. नंतरच्या दिवसांत काशी आणि आसपासच्या गावांत फाशीचे खांब उभे राहिले.

याच ४ जूनच्या रात्री काशीत पेन्शन वाटपाचा अधिकारी कॅप्टन ब्राउन आणि त्याचं कुटुंब बंगल्याच्या आवारात अडकलं होतं. तिघे जण जिवावर उदार होऊन गेले आणि त्यांना सोडवून आणलं. सार्जंट मेजर पीटर गिल, सार्जंट मेजर मॅथ्यू रोझॅमंड आणि शिपाई जॉन कर्क. तिघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हे पदक काय होतं ते सांगतो. क्रिमियाच्या युद्धानंतर, जानेवारी १८५६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने ते सुरू केलं. त्यात एक नवी गोष्ट होती. सरदार असो की साधा शिपाई, शौर्य दिसलं की पदक एकच. मात्र हिंदी शिपायाला ते मिळत नसे. तो कंपनीच्या बाजूने लढला, तिच्यासाठी मेला तरी नाही. त्याच्यासाठी ऑर्डर ऑफ मेरिट हे वेगळं पदक होतं. व्हिक्टोरिया क्रॉसचं दार हिंदी सैनिकांना उघडलं ते १९११ साली.

म्हणजे बघा, मणिकर्णिकेच्या जन्मगावात तीन क्रॉस. आता झाशीला जाऊ.

काशीत गोळीबार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ जूनला, झाशीच्या पलटणीत उठाव झाला. किल्ल्यात आश्रय घेतलेले युरोपियन ८ जूनला बाहेर आले आणि जोखनबागेत त्यांची कत्तल झाली. त्यांत बायका होत्या, मुलं होती. हे लपवायचं कारण नाही. इंग्रजांनी याचा ठपका राणीवर ठेवला. पण त्याच जूनमध्ये तिने कमिशनर अर्स्किनला पत्रं लिहिली. बंडवाल्यांनी आपल्यालाही धमकावून पैसे उकळले, आपण हतबल होतो, असं तिने कळवलं. अर्स्किनने तिलाच सांगितलं, आमचा अंमल परत बसेपर्यंत कारभार तुम्ही सांभाळा. पुढे वरच्या अधिकाऱ्यांनी हे मानलं नाही.

तिने कारभार सांभाळला. पारोळ्याच्या सदाशिवराव नेवाळकराने गादीवर हक्क सांगितला, त्याला आवरलं. ओरछाच्या फौजा चालून आल्या, त्यांना परतवलं. तोफा ओतल्या, दारू तयार केली, तटबंदी नीट केली, बायकांनाही हत्यार धरायला शिकवलं. इंग्रज येतील तेव्हा ते तिला फासावर देणार की राणी मानणार, हे ठरलेलं नव्हतं. १८५८ च्या सुरुवातीला ते स्पष्ट झालं. सर ह्यू रोझ फौज घेऊन निघाला होता.

इथे आपण मराठी लोकांनी एक कडू घोट घ्यायला हवा. रोझच्या फौजेत गोऱ्या पलटणी होत्याच, पण मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीही होत्या. मुंबईच्या या सैन्यात कोकणातले आणि देशावरचे शिपाई मोठ्या संख्येने असत. म्हणजे तटाच्या आत मराठी राणी आणि तटाबाहेर, कंपनीच्या गणवेशात, मराठी शिपाई. आणि तटाच्या आत राणीच्या तोफांवर गुलाम गौस खान. झाशीच्या किल्ल्यात गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांची कबर आजही आहे. कोण कुठल्या बाजूला होतं, हे आडनावावरून ठरवायला गेलं तर ही लढाई समजत नाही.

मार्च १८५८ च्या तिसऱ्या आठवड्यात रोझ झाशीसमोर आला. वेढा पडला. १ एप्रिलला तात्या टोपे मदतीला आला, पण बेतवेच्या काठी त्याचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रजांनी शिड्या लावून तटावर चढाई केली.

त्या एका दिवसासाठी किमान सहा व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. हेन्री जेरोम, जेम्स बर्न आणि जेम्स पिअर्सन हे ८६ व्या पलटणीचे. तोफखान्याचा जोसेफ ब्रेनन. इंजिनियर्सचा मायकेल स्लिव्हन. आणि मुंबईच्या युरोपियन पलटणीतला फ्रेडरिक व्हर्लपूल. ही सहा नावं वाचताना मी उलटा विचार करतो. एका शहराच्या तटावर, एका दिवसात, समोरच्या फौजेला आपलं सर्वोच्च शौर्यपदक सहा वेळा द्यावं लागलं, तर त्या तटावरून काय प्रतिकार झाला असेल! राणीच्या तोफखान्याला प्रशस्तिपत्र देणारं सरकार नव्हतं. ते प्रशस्तिपत्र शत्रूच्या गॅझेटात असं उलट्या अक्षरांत छापलेलं आहे.

त्या गॅझेटात जे नाही ते मात्र एका मराठी माणसाने लिहून ठेवलं. विष्णुभट गोडसे. रायगड जिल्ह्यातल्या वरसईचे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि नेमके या वावटळीत सापडले. वेढ्याच्या वेळी ते झाशीत होते. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ साली छापलं गेलं. शहर पडल्यावर घराघरांत झालेली कत्तल, लूट, आग, वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासाडी हे सगळं त्यांनी पाहिलं, ऐकलं आणि लिहिलं. त्या तीन-चार दिवसांत झाशीत मेलेल्या माणसांच्या नावाची यादी कुठल्याही गॅझेटात नाही.

४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली. पाठलाग झाला. भांडेरजवळ पाठलाग करणाऱ्या लेफ्टनंट डाउकरला जखमी करून ती पुढे गेली आणि शंभर मैलांच्या आसपास दौडत काल्पीला पोचली. मागे मोरोपंत पकडले गेले आणि फासावर चढवले गेले. काशीत मनूला कडेवर घेऊन फिरलेला बाप असा संपला.

याच काळातला, काल्पीच्या वाटेवरचा एक प्रसंग गोडसे सांगतात. मला विचाराल तर राणीच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं मानचिन्ह ते आहे. गोडसे एका विहिरीपाशी होते. काही स्वार आले. त्यांत पठाणी वेशातली, धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ झालेली राणी. गोडसे तिच्यासाठी पाणी काढायला पुढे झाले. तिने त्यांना थांबवलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते, अशा अर्थाचं ती बोलली, आणि मडकं विहिरीत सोडून तिने स्वतः पाणी शेंदलं. राज्य गेलेलं, शहर जळालेलं, मागे घोडेस्वार लागलेले. अशा वेळी माणूस दुसऱ्याशी कसा वागतो, यावर त्याची किंमत कळते.

पुढे मे महिन्यात कूंच पडलं, काल्पी पडली. सगळे खचलेले असताना राणी, तात्या आणि रावसाहेब पेशवे यांनी एकदम ग्वाल्हेर गाठलं. १ जूनला शिंद्यांची बहुतेक फौज त्यांना येऊन मिळाली आणि ग्वाल्हेर हातात आलं. पण त्यांचे दिवस सोहळ्यांत गेले. रोझ थांबला नाही.

१७ जून १८५८. ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय. ब्रिगेडियर स्मिथच्या फौजेतली ८ वी हुसार्स ही घोडदळाची पलटण तुटून पडली. ही तीच पलटण, जी चार वर्षांपूर्वी क्रिमियात बालाक्लाव्हाच्या सुप्रसिद्ध हल्ल्यात होती. राणी स्वाराच्या वेशात लढत होती आणि याच लढाईत तिला जीवघेणी जखम झाली. ग्वाल्हेरच्या परंपरेप्रमाणे बाबा गंगादासांच्या शाळेत तिने प्राण सोडला आणि तिथेच अंत्यसंस्कार झाले. इंग्रजी कागद १७ जून म्हणतात; आपल्याकडे पुण्यतिथी १८ ला पाळतात.

तिला मारणाऱ्या हुसाराला आपण कोणाला मारलं हे कळलंही नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो आणखी एक स्वार होता.

आणि आता पदकं. त्या दिवसाच्या हल्ल्यासाठी ८ व्या हुसार्सला चार व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. कॅप्टन क्लेमंट हेनेज, सार्जंट जोसेफ वॉर्ड, घोड्यांना नाल मारणारा जॉर्ज हॉलिस आणि शिपाई जॉन पिअर्सन. यांची निवड कशी झाली? मतदानाने. नियम असा होता की सगळी तुकडी सारख्याच शौर्याने लढली असेल, कुणा एकाला निवडता येत नसेल, तर सोबत्यांनीच आपल्यातून निवडायचं. अधिकाऱ्यांमधून एक, हवालदारांमधून एक, शिपायांमधून दोन. त्या चौघांच्या शौर्याबद्दल मला शंका नाही. पण ज्या लढाईत एका बाजूला कोण अधिक शूर हे मोजता येईना म्हणून मतं घ्यावी लागली, त्याच लढाईत दुसऱ्या बाजूला पडलेल्यांची नावंसुद्धा कुणी लिहिली नाहीत.

काशी तीन, झाशी सहा, ग्वाल्हेर चार. नुसत्या या तीन ठिकाणचे तेरा क्रॉस झाले. संपूर्ण १८५७-५८ च्या लढाईत मिळून १८२ दिले गेले.

ह्यू रोझ पुढे लॉर्ड झाला. त्याच्या पदवीत आपल्या गावाबरोबर त्याने झाशीचंही नाव घातलं. जिचं गाव, तिला ते नाव लावायचा हक्क नाकारला होता. पण त्याच रोझने, बंडवाल्यांच्या सेनानींमध्ये सगळ्यात शूर आणि सगळ्यात उत्तम ही बाई होती, असा निर्वाळा देऊन ठेवला.

पदक मिळालं म्हणजे सुख मिळालं असंही नाही. तो फ्रेडरिक व्हर्लपूल आठवतो? झाशीत त्याने गोळीबारातून जखमींना आणलं आणि महिन्याभराने लोहारीला त्याच्या अंगावर सतरा जखमा झाल्या. तो ऑस्ट्रेलियाला गेला. १८६१ साली मेलबर्नला समारंभाने त्याला क्रॉस दिला. पुढे त्याने नाव बदललं, एका खोपटात एकटा राहिला आणि १८९९ मध्ये एकटाच मेला. तो काय विसरू पाहत होता, हे त्याचं त्यालाच माहीत. झाशी बघितलेला माणूस होता तो.

दामोदरराव वाचला. पुतळ्यांमध्ये राणीच्या पाठीला बांधलेलं तान्हं मूल असतं, प्रत्यक्षात तो तेव्हा आठ वर्षांचा होता. भदैनीतल्या त्या मुलाएवढाच. नंतर तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला, तुटपुंज्या पेन्शनवर इंदूरला राहिला आणि १९०६ मध्ये वारला.

आता त्या मुलाचं उत्तर.

बाळा, परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० ला सुरू झालं आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमासाठी आहे. त्याचा आराखडा केला सावित्रीबाई खानोलकरांनी. त्या जन्माने युरोपातल्या आणि लग्नाने मराठी. नियमाप्रमाणे ते पदक राणीला मिळू शकत नाही. स्वातंत्र्याची लढाई हरणाऱ्याला पदक देणारं सरकारच नसतं, कारण ते सरकार यावं म्हणून तर ती लढाई असते. १९५७ साली, शंभर वर्षांनी, स्वतंत्र भारताने तिच्या चित्राचं पंधरा नव्या पैशांचं टपाल तिकीट काढलं. त्याआधी, १९४३ मध्ये, सिंगापुरात नेताजींनी स्त्रियांची पलटण उभी केली आणि तिला नाव दिलं झाशीची राणी. तिथे रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या कितीतरी तमिळ मुली त्या पलटणीत आल्या. त्यांनी झाशी पाहिली नव्हती, काशी पाहिली नव्हती.

पदक छातीवर लावतात. हे नाव त्या मुलींनी आपल्या पलटणीला लावलं. यातलं मोठं कोणतं, ते तूच ठरव.

मंडळी, काशीला गेलात तर विश्वनाथ, मणिकर्णिका घाट हे सगळं बघालच. पण अस्सीकडे आलात की दहा मिनिटं भदैनीतही वळा. आणि तुमच्याबरोबर एखादं प्रश्न विचारणारं मूल असेल, तर त्याला फोटोसाठी उभं करण्याआधी एक काम करा. त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्या.